डाव्या पिशवीतलं पाणी

मिस्त्रींचा कोणावरही विश्वास नव्हता आणि ही गोष्ट ते लपवतही नसत. दुकानदाराने दिलेला नट ते त्याच्या डोळ्यांदेखत बोल्टावर फिरवून बघत. डॉक्टरने दिलेली गोळी उजेडात धरून बघत. चहात साखर घातली आहे असं बायकोने सांगितलं तरी एकदा ढवळून चाखत, आणि लग्नाला तर पस्तीस वर्षं झाली होती. तलावाकाठच्या बोटींच्या शेडमध्ये त्यांची हत्यारांची पेटी होती. पेटीला कुलूप, कुलपावरून मेण लावलेला दोरा आणि दोऱ्याला एक दुहेरी पिळाची गाठ. ती गाठ जगात फक्त आपल्यालाच बांधता येते, असं मिस्त्री समजत. सकाळी आल्यावर आधी गाठ बघायची, मग कुलूप उघडायचं. कुलूप काय, कोणीही उघडतं, असं त्यांचं म्हणणं.

आता कोणी आईच्या पोटातून असा येत नाही. तरुणपणी मिस्त्री दुसऱ्या एका शेडमध्ये कामाला होते. तिथे त्यांनी चार दिवस खपून बांधलेल्या इंजिनातलं तेल कोणीतरी गुपचूप सोडून दिलं. सकाळी इंजिन सुरू केलं आणि दहा मिनिटांत जाम झालं. ठपका मिस्त्रींवर आला, नोकरी गेली. तेल सोडणारा रोज त्यांच्याच मांडीला मांडी लावून जेवणारा सोबती होता, हे दोन वर्षांनी कळलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मिस्त्री त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

तेव्हापासून त्यांच्याजवळ एक पत्र्याचा डबा होता. जी वस्तू संशयाची वाटेल ती त्यात जायची आणि तिच्यासोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत तारीख, वस्तू कोणी आणली, तिच्यात काय खटकलं, आणि शेवटी एक ठरलेला शब्द: तपासणे. तपासणं क्वचितच व्हायचं, कारण तोवर नवी शंका आलेली असे. शेडमधले सगळे त्याला शंकेचा डबा म्हणत. मिस्त्री त्याला पुरावा म्हणत.

अशा माणसाच्या नशिबी जावई आला तो त्याच शेडमधला. पाण्यावरच्या खेळांची शाळा चालवणाऱ्या बाईंची मोठी बोट तो चालवायचा. बोट चालवणाऱ्याला शेडमागच्या दोन खोल्या राहायला मिळत, म्हणून लेकही तिथेच राहायला आली. लाइफ जॅकेटांचे फाटलेले पट्टे शिवायचं काम तिने तिथेच मांडलं. लहानपणी ती शाळा सुटली की बापाजवळ शेडमध्ये येऊन बसायची, त्यामुळे तिला ही जागा नवी नव्हती. लेक डोळ्यांसमोर राहिली याचा मिस्त्रींना आनंद झाला. जावई डोळ्यांसमोर राहिला याचा त्याहून जास्त झाला, कारण नजर ठेवता येत होती. जावयाशी ते तोंड भरून अहोजाहो करत. जितका संशय जास्त, तितकं बोलणं गोड.

या मोसमाआधी बाईंनी बोटीचं वजन बदलायचं काढलं. बोटीमागे दोर धरून, पाय फळीला बांधून उभं राहायचं आणि बोटीने उठवलेल्या लाटेवरून उडी मारायची, असा तो खेळ. लाट मोठी हवी तर बोटीचं बूड जड हवं आणि दोन्ही अंगांनी सारखं जड हवं. एक बाजू हलकी राहिली की लाट एकीकडे विस्कटते आणि उडी मारणारा भलतीकडे आपटतो. आजवर हे वजन म्हणजे वाळूची पोती होती. रोज सकाळी चढवायची, संध्याकाळी उतरवायची, आणि त्यात मिस्त्रींच्या कमरेचं वाटोळं झालं होतं. आता बोटीच्या मागच्या दोन कप्प्यांत दोन जाड रबरी पिशव्या बसवायच्या होत्या. बटन दाबलं की पंपाने तलावाचं पाणी आत, सात मिनिटांत पिशवी टम्म, आणि दुसरं बटन दाबलं की पाणी दुसऱ्या नळीने बाहेर.

हे काम शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला द्यावं की काय, असं बाईंच्या मनात होतं. मिस्त्रींचा हात आता थोडा कापतो, विसरायलाही होतं, असं त्या एकदा बोलून गेल्या होत्या. मिस्त्रींनी ते ऐकलं होतं. शेवटी काम त्यांनाच मिळालं, पण एका अटीवर. शनिवारी पहिले पाहुणे येणार होते. त्याआधी लागोपाठ तीन रात्री पिशव्या भरलेल्या ठेवायच्या, बोटीच्या तळाशी पाणी आत घेणाऱ्या तोट्यासुद्धा उघड्याच ठेवायच्या, कारण घाईत त्या बंद करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. सकाळी थेंबभरही पाणी कमी झालेलं चालणार नव्हतं.

सामान आणायला जावई शहरात गेला. पंप एका दुकानातून आणले आणि दोन नॉन-रिटर्न वॉल्व्ह दुसऱ्या दुकानातून. हा वॉल्व्ह म्हणजे पाण्याला जाऊ देणारा पण परत फिरू न देणारा दरवाजा. पंप थांबला की पिशवीतलं पाणी आल्या वाटेने तलावात परत जाऊ पाहतं, त्याला हा अडवतो. पहिल्या दुकानात वॉल्व्ह संपले होते, असं जावई म्हणाला. मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. पंप विकणाऱ्याकडे वॉल्व्ह संपतात कसे?

उजव्या बाजूचं काम बाईंच्या देखत झालं, त्यामुळे तिथला वॉल्व्ह मिस्त्रींना न उघडताच बसवावा लागला. याची चुटपुट त्यांना लागून राहिली. डावा मात्र त्यांनी एकट्याने बसवला. आधी तो कामाच्या टेबलावर ठेवून खोलला. आतली काळी रबरी चकती बाहेर काढली, वाकवून पाहिली, नखाने ओरबाडून पाहिली, नाकाला लावून पाहिली. तेवढ्यात लेक जेवायला हाक मारत आली. मिस्त्रींनी टेबलावरचं आवरलं, जेवले, हात धुतले, चष्मा पुसला आणि वॉल्व्ह घट्ट पिळून नळीत बसवून टाकला. स्वतः पारखलेली वस्तू म्हणून त्या वॉल्व्हची त्यांना पुढे एकदाही काळजी वाटली नाही.

मंगळवारी संध्याकाळी दोन्ही पिशव्या भरल्या. मिस्त्रींनी दोन्ही कप्प्यांच्या झाकणांना आपला दोरा बांधला आणि घरी गेले. बुधवारी सकाळी धक्क्यावर आले तेव्हा बोट उजवीकडे कलली होती. त्यांनी आधी गाठी बघितल्या. गाठी जशाच्या तशा. झाकणं उघडली. उजवी पिशवी टम्म, डावी अर्धी. बोटीच्या पोटात हात घालून बघितलं, तिथे ओल नव्हती. म्हणजे गळती नाही.

जावईही तोवर आला होता. तोही वाकून बघत होता आणि काही बोलला नाही. हे न बोलणं मिस्त्रींनी मनात टिपून ठेवलं. मग त्यांनी उजवा वॉल्व्ह काढला, उघडला, तपासला. निर्दोष निघाला. परत बसवला. डाव्याला हात लावायचं कारणच नव्हतं.

आता मिस्त्रींचा हिशेब सरळ होता. झाकण कोणी उघडलेलं नाही, गळती नाही, तरी पाणी गेलं. म्हणजे कोणीतरी पुढे बसून बटन दाबून पंपाने उपसलं. बटनं किल्लीशिवाय चालत नाहीत. किल्ल्या दोन. एक बाईंकडे, दुसरी जावयाकडे. बाई स्वतःच्या बोटीत खोडी कशाला काढतील?

त्या दुपारी शेडच्या मागे जावई फोनवर हळू आवाजात बोलत होता. मिस्त्री पत्र्याआड उभे राहिले. अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही, पण एक वाक्य स्वच्छ आलं.

"मामांना यातलं काही कळू देऊ नका."

सासऱ्याला तो मामा म्हणायचा. जावयाने मोबाइल बाकावर ठेवला आणि तो पाणी प्यायला गेला, तेव्हा मिस्त्रींनी वाकून पडद्यावरचं नाव वाचलं. शहरातलं दुकान. म्हणजे सगळं जुळलं. मिस्त्रींचं काम फसवायचं, शहरवाल्यांना आत आणायचं आणि मध्ये आपलं साधून घ्यायचं. पंचवीस वर्षांपूर्वीचं ते जाम झालेलं इंजिन त्यांना आठवलं. तेव्हा निदान सोबती परका होता.

संध्याकाळी पिशव्या पुन्हा भरल्या. गुरुवारी ते उजाडता उजाडताच धक्क्यावर गेले. बोटीत पंपाची घरघर चालू होती. जावई बटनांपाशी उभा होता, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. मिस्त्रींना बघून त्याचा चेहरा उतरला. सहज बघत होतो, असं काहीतरी तो म्हणाला आणि पंप बंद केला. मिस्त्रींनी झाकणं उघडली. दोन्ही पिशव्या भरलेल्या होत्या. वेळेवर आलो म्हणून वाचल्या, असा त्यांनी अर्थ काढला. चोर रंगेहाथ सापडला होता.

"बरं झालं, जावईबापू, तुम्ही इतकी काळजी घेता," ते मध पाघळावा तसे म्हणाले आणि थेट बाईंच्या ऑफिसात गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना ते पटलं की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण बोटीवर माणसांचे जीव असतात, संशय ठेवून स्टिअरिंग कोणाच्या हातात देता येत नाही, असं त्या म्हणाल्या. जावयाला बोलावून त्यांनी किल्ली मागितली. त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि एका शब्दानेही कारण विचारलं नाही. शुक्रवारी दहाला सगळ्यांनी यायचं, मिस्त्रींनी काय पुरावा असेल तो आणायचा, मग कोण राहतो आणि कोण जातो ते ठरेल, असं ठरलं.

संध्याकाळी लेक घरी आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

"बाबा, तुम्ही बघितलंत की तुम्हाला वाटलं?"

"बघितलं."

"मग ठीक. खोल्या सोडायच्या असतील तर आजच सांगा. मशीन न् कापड बांधायला मला वेळ लागतो."

हिच्यासाठीच करतोय, असं मिस्त्री स्वतःला सांगत होते. ती गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली की आजवर तुम्ही जगावर शंका घेतलीत ते मी चालवून घेतलं, कारण जग मोठं आहे, त्याला फरक पडत नाही. त्या रात्री ताटं वाढली गेली आणि तशीच उचलली गेली.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री धक्क्यावर आले. दोन्ही किल्ल्या रात्रभर बाईंच्या कपाटात होत्या. बोट उजवीकडे कलली होती. डावी पिशवी अर्धी.

एखाद्या शहाण्या माणसाला इथे घाम फुटला असता. मिस्त्री क्षणभर उभे राहिले, मग त्यांनी मान हलवली. म्हणजे याने किल्लीची नक्कलसुद्धा करून ठेवलीय तर! संशयाला एकदा घरात घेतलं की तो कुठेही पाट मांडून बसतो. त्यांनी पेटीची गाठ सोडली, पुराव्याचा डबा काढला आणि काखेत मारून ऑफिसात गेले.

ऑफिसात बाई खुर्चीवर, जावई भिंतीला टेकून आणि लेक दारात. मिस्त्रींनी डबा टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि एकेक वस्तू काढून चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली. जावयांनी आणलेली इंजिनची पिन, रंग फिका, तपासणे. जावयांनी दिलेला बल्ब, आवाज येतो, तपासणे. लग्नात जावयांच्या घरून आलेल्या घड्याळाचा जुना सेल, खरा आहे का, तपासणे. वाचता वाचता त्यांनाच जाणवलं की लेकीच्या लग्नापासूनच्या सहा वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच माणूस आहे. बाईंनी कपाळाला हात लावला. लेक खाली बघत होती. तिने हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्यांच्या हातात ती चिठ्ठी आली, अगदी वर असायला हवी होती, पण खाली सरकून गेलेली. "डाव्या बाजूचा वॉल्व्ह. जावयांनी दुसऱ्या दुकानातून आणला. चकतीचं रबर हलकं वाटतं..."

पुढचं त्यांना वाचवेना. चिठ्ठीत गुंडाळलेली नाण्याएवढी काळी चकती तळहातावर पडली होती. जेवायला हाक आली तेव्हा कामाच्या टेबलावरचं आवरताना ती त्यांनी नेहमीच्या सवयीने चिठ्ठी लिहून डब्यात टाकली होती आणि जेवून आल्यावर रिकामा वॉल्व्ह पिळून बसवला होता. दरवाजाची चौकट होती, दार नव्हतं. पंप थांबला की डाव्या पिशवीतलं पाणी आल्या वाटेने आरामात तलावात परत जात होतं, पिशवीतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी सारखी होईपर्यंत, म्हणजे अर्ध्यापर्यंत. कोणी बटन दाबलं नव्हतं. किल्लीची नक्कल नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी आपोआप मूठ मिटली.

बाईंनी विचारलं, काय आहे ते. मिस्त्रींची नजर जावयाकडे गेली आणि त्यांना दिसलं की त्याने चकती बघितली आहे आणि ओळखली आहे. इतकी वर्षं बोटीवर काढलेला माणूस, त्याला काय सांगायला हवं?

"काही नाही बाई," जावई म्हणाला. "जुन्या नळाचं रबर दिसतंय. मामा, ते राहू द्या, पुढचं वाचा."

मिस्त्रींना आयुष्यात पुष्कळांनी फसवलं होतं, पण असं कोणी कधी वाचवलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोसल्या असत्या. त्यांना लाज वाटली, इतकी की कानाच्या पाळ्या तापल्या. मूठ मिटलेली ठेवायला काहीच हरकत नव्हती. चकती खिशात टाकायची, दुपारी गुपचूप बसवायची, उद्या सगळं ठीक. जावई बोलणार नव्हता. तो दुसरीकडे काम बघेल, खोल्या रिकाम्या होतील, आणि मिस्त्रींचा हात कापतो हे कोणालाही कळणार नाही.

त्यांनी मूठ उघडून चकती बाईंसमोर ठेवली. चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली, तपासणेपर्यंत. मग म्हणाले, "हे मीच काढलं न् मीच घालायला विसरलो. ह्यांचा काही संबंध नाही."

मग बाईंनी जावयाला विचारलं, तू पहाटे तिथे काय करत होतास? त्याने सांगायला कां कूं केलं. शेवटी निघालं ते असं. बुधवारी पिशवी बघितल्याबरोबर त्याला डाव्या वॉल्व्हची शंका आली होती. वॉल्व्ह अडवत नसला की पाणी असंच अर्ध्यावर येतं, याची त्याने दुकानात फोन करून खात्री करून घेतली. पण बाईंचं ते कापणाऱ्या हाताबद्दलचं बोलणं त्यानेही ऐकलं होतं. चूक उघड झाली तर मामांचं काम जाईल, म्हणून शनिवारपर्यंत रोज पहाटे पिशवी भरून ठेवायची आणि मग आणखी एक वॉल्व्ह जोडू या असं आपणच सुचवायचं, असा त्याचा बेत होता. पंप उपसत नव्हता, भरत होता. हे कोणीही नळीला हात लावून सांगू शकलं असतं.

"मग मला का नाही सांगितलंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही विश्वास ठेवला असता, मामा?"

बाईंनी कपाटातून किल्ली काढली, पण जावयाला दिली नाही. मिस्त्रींपुढे धरली आणि तुम्हीच द्या म्हणाल्या. मिस्त्रींनी ती दोन्ही हातांनी दिली. कामाचं आपण मोसम संपल्यावर बोलू, असं त्या नंतर म्हणाल्या, आणि मिस्त्रींनी मान डोलावली.

चकती जावयाने बसवली. संध्याकाळी पिशव्या भरल्या, सात मिनिटं उजवी, सात मिनिटं डावी. शनिवारी सकाळी बोट पाण्यावर सरळ उभी होती. मिस्त्रींना झाकण उघडून बघायची इतकी इच्छा झाली की त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पाहुणे आले, जावयाने बोट काढली, मागे दोन्ही अंगांना सारखी उंच लाट उठली आणि एका मुलीने तिच्यावरून सुरेख उडी मारली. धक्क्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनीही वाजवल्या.

दुपारी ते शेडमागच्या खोल्यांकडे गेले. दार उघडंच होतं. लेक शिवणाचं सामान गुरुवारी बांधलेल्या गाठोड्यातून अजून काढत होती. मशीन जागेवर आलं होतं, एक मोठं गाठोडं तेवढं तसंच होतं. काहीतरी मदत करावी म्हणून मिस्त्री खाली बसले आणि त्याची गाठ सोडायला त्यांनी हात घातला. हात तिथेच थांबला. मेण लावलेला दोरा होता आणि गाठ दुहेरी पिळाची होती.

"ही कुठे शिकलीस?"

"तुमच्याकडे बघून. लहानपणीच."

"पण कापडाला कशाला?"

लेकीने हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग बापाच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "आम्ही जायच्या आधी, काय नेतोय ते तुम्ही येऊन उघडून बघाल, असं वाटलं मला."

बाहेर बोट धक्क्याला लागत होती, जावयाचा आवाज ऐकू येत होता. मिस्त्रींनी गाठीवरचा हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"तूच सोड," ते म्हणाले. "मी बसतो इथे."